हनुवटी तुझी, आवाज दुसऱ्याचा

दिवाकर, तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तुझा फोटो नाही.

मनीषनगरच्या चौकात, औषधाच्या दुकानासमोर, दोन खांबांच्या मध्ये तो ताणून बांधला आहे. वर 'गगनवीर अमर रहे', खाली समितीच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, आणि मधोमध निळ्या आकाशात हात पुढे करून, केशरी अंगरखा फडकवत उडणारा माणूस. तो माणूस तू नाहीस. ते उस्ताद आहेत. टीव्हीवरच्या 'गगनवीर' मालिकेत तारेला लटकून तुझ्याऐवजी उडणारे, तुझ्यापेक्षा चार बोटं बुटके, ज्यांचं नाव मालिकेच्या नामावलीत कधीच आलं नाही आणि तुझ्या बोलण्यात मात्र कायम यायचं. अकरा पदाधिकाऱ्यांचे चेहरे अगदी अचूक छापले आहेत.

सुनंदा वहिनी दूध आणायला गेल्या तेव्हा त्यांना तो दिसला. तू गेल्यानंतरचा चौथा दिवस. त्यांनी तिथूनच मला फोन केला. म्हणाल्या, "भाऊजी, चौकात या. उस्ताद वारले म्हणे." आणि हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

एकदा तुझ्या गच्चीवर बसून मी तुला विचारलं होतं, की त्या गगनवीरमध्ये तुझं नेमकं काय होतं. तू बोटांवर मोजायला लागलास.

"उडनं उस्तादायचं. छाती फोमची. आवाज त्या लखनौवाल्या साहेबाचा. कपाळापासून नाकापर्यंत मुखवटा. म्हणजे उरली हनुवटी. हनुवटी माही."

"बस?"

"आनि उतरनं. वरून खाली आला की क्यामेरा जवळ येते ना, तेव्हा मी. दोन फुटाच्या स्टुलावरून उडी मारायची, गुडघा टेकवायचा, मान वर करायची. दोन वर्षं स्टुलावरून उतरलो बे मी."

"म्हणजे तू उतरणारा नट," मी म्हणालो. मला वाटलं होतं टोमणा लागेल. तुला ते इतकं आवडलं की पुढे सहा महिने तू ते स्वतःचं वाक्य म्हणून सगळ्यांना सांगत होतास. माझ्यासमोरसुद्धा.

हे वाचणाऱ्यांत ती मालिका न पाहिलेलेही असतील, म्हणून तुझी परवानगी गृहीत धरून दोन ओळी त्यांच्यासाठी. दर शनिवारी संध्याकाळी कुठलीतरी मुलं संकटात सापडायची, आकाशाकडे बघायची, आणि वरून खर्जातला, तांब्याच्या हंड्यातून आल्यासारखा आवाज यायचा: "डरो मत, मैं ऊपर हूँ." मग उस्ताद उडायचे, तू उतरायचास आणि दुष्टांचा नाश व्हायचा. मी दुसऱ्या खोलीत पुस्तक वाचत बसायचो आणि दार उघडं ठेवायचो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तर पाचव्या दिवशी समितीची माणसं तुझ्या घरी आली. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. ते नेमके कोणाचे भाऊ याची नोंद कुठे नाही. त्यांनी सभेची आखणी सांगितली. रविवारी संध्याकाळी, समाजभवनात. सुरुवातीला दिवे घालवायचे, अंधारात मोठ्या स्पीकरवर तो संवाद वाजवायचा, मग दोन मिनिटं मौन.

मी म्हणालो, "भाऊ, श्रद्धांजलीच्या सभेत 'मैं ऊपर हूँ' वाजलं तर लोक हसतील."

"काहून हसतील सर? वरच तर गेले ते."

तू असतास तर मांडीवर थाप मारून हसला असतास आणि भाऊंना आणखी एक कप चहा मागवला असतास. तुला अशी माणसं आवडायची, मला त्यांच्यावर लेख लिहायला आवडायचं. आपल्या दोघांतला फरक एवढाच होता, आणि तो बराच होता.

ते गेल्यावर वहिनी समोर येऊन बसल्या. "भाऊजी, तो आवाज मले नको. लग्न झालं तेव्हापासून लोक विचारतात, घरीबी असेच बोलतात का म्हणून. मले सांगा, आता शेवटच्या वेळेलेबी त्यायच्या तोंडात दुसऱ्याचाच आवाज घालायचा का? सभेत त्यायचा आवाज वाजला पायजे. रविवारपर्यंत तुम्ही काढून आना."

"कुठून आणू वहिनी?"

"तुमच्याच फोनमधून. सारे तुम्हालेच तर पाठवत होते."

खरं होतं ते. तू मला रोज सकाळी, कधी दिवसातून दोन-तीनदा, बोलून निरोप पाठवायचास. आणि आता तू उलटून बोलू शकत नाहीस म्हणून कबूल करतो, की त्यातले निम्मे मी ऐकलेच नव्हते. पहिली चार सेकंदं ऐकायचो आणि 'ठीक' असं टाइप करून पाठवायचो. तू एकदा विचारलंही होतंस, "मास्तर, मी सांगून राहिलो का मोती आजारी हाय, तू म्हनतो ठीक. काय ठीक?" मोती म्हणजे तुमच्या इमारतीतलं कुत्रं. ते बरं झालं, म्हणून विषय मिटला.

वहिनींना मी हो म्हणालो. घरी आलो, फोन टेबलावर ठेवला, आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. का लावला नाही, हे सांगायला कोराडीला जावं लागेल.

आपण तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीतले. तुझे बाबा कोळशाच्या यार्डात, माझे वडील कार्यालयात. माझे वडील पश्चिमेकडून बदलून आलेले, त्यामुळे आमच्या घरात 'मला' आणि 'ये रे' होतं, तुमच्या घरात 'मले' आणि 'ये गा'. राख दोन्ही घरांत सारखीच यायची. दोरीवरचे कपडे कोणाचे, हे ती बघत नसे. अकरावीत असताना गणपतीत आपण नाटक बसवलं. मी चार पुस्तकं जास्त वाचली होती म्हणून दिग्दर्शक आणि लेखक, तू उंच म्हणून राजा. राजाचं मुख्य वाक्य होतं, "मला मरणाची भीती नाही, मला भीती आहे ती विस्मरणाची." वाक्य माझंच. वय सोळा होतं, माफ असावं.

तालमीत तू छाती काढून उभा राहिलास आणि म्हणालास, "मले मरनाची भीती नाही, मले भीती हाय ते इस्मरनाची."

मी हसलो. मी हसलो म्हणून सगळे हसले. दिग्दर्शक हसला की हसायचं असतं, हे नटमंडळींना तेव्हाही माहीत होतं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "अरे, राजा आहेस तू. कोळशाच्या ट्रकवरचा क्लीनर नाहीस."

तुझे बाबा त्या वेळी मंडपाच्या कोपऱ्यात दिव्यांच्या वायरी ओढत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. तू ऐकलंस, हे माहीत आहे.

त्यानंतर तू 'ले'चा असा धसका घेतलास की सायकलवरून येता-जाता 'मला, तुला, त्याला' घोकायचास. आणि प्रयोगाच्या दिवशी जिथे 'ले' हवा होता तिथेही 'ला' आला. "माझे सगळे किल्ले गेले" हे वाक्य तू भर मंचावर, हात आभाळाकडे करून, "माझे सगळे किल्ला गेला" असं म्हणालास. प्रेक्षकांत कोणी हसलं नाही. राजा मोठा, त्याचं व्याकरणही मोठं असेल, असं लोकांना वाटलं असावं. तुला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. मी विंगेत हसून हसून खाली बसलो होतो. तू डबा घेऊन आत आलास आणि विचारलंस, "बरोबर म्हटलं न बे? एकबी ले नाही येऊ देला."

हा किस्सा मी पुढे प्रत्येक बैठकीत सांगितला. तूही हसायचास, इतकं की लोकांना वाटायचं किस्सा तुझाच आहे. माझ्या प्रत्येक वाईट गोष्टीची मालकी तू अशी सहज घ्यायचास. किस्सा सांगताना मी क्लीनरचं वाक्य गाळायचो. तूही ते कधी भरून काढलं नाहीस.

मुंबईत तुझी दहा वर्षं कोणाच्यातरी मागे उभं राहण्यात गेली. मग गगनवीर आला. त्यासाठी तुझी निवड कशी झाली हे तू मला इकडे परत आल्यावर सांगितलंस, स्वतःच्या चतुराईची गोष्ट म्हणून. "दिग्दर्शकानं पाहिलं, उंची पाहिली, हनुवटी पाहिली. ते आवाजाचं काही बोलायच्या आंधीच आपन सांगून टाकलं बे. साहेब, आवाज कोनाचाबी लावा, मी फक्त उभा राहतो. ते खूश. म्हने पहिला नट भेटला जो स्वतःचा आवाज मागत नाही."

तू हसत होतास. मी तुझ्याकडे बघत होतो. त्या माणसाने तुझ्या आवाजाची चाचणी घेतलीच नव्हती, दिवाकर. ती कोराडीच्या मंडपात झाली होती आणि निकाल मी दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. आयुष्यभर मराठी शिकवली, घर पुस्तकांनी भरलं, आणि त्या क्षणी तोंडातून काय निघालं, तर "बरं केलंस."

मालिका संपल्यावर तुझी पंचाईत अशी झाली, की मुखवटा काढला तर कोणी ओळखेना आणि घातला तर दुसरं काम देईना. एकदोन पोलीस, एक देव, एक भूत. भुताला संवादच नव्हते, ते तू खूप छान केलंस. मग तू आणि वहिनी नागपूरला आलात, मनीषनगरात घर घेतलंत, आणि तुझा दुसरा कार्यकाळ सुरू झाला: व्यायामशाळा, शिकवणी वर्ग, शाळांची स्नेहसंमेलनं, एकदा गिरणी. मे महिन्याच्या नागपुरात फोमची छाती बांधून फीत कापणं हे शौर्य मालिकेतल्या कुठल्याही भागात नव्हतं. वहिनी मागे ओला पंचा घेऊन उभ्या असायच्या. कोणीतरी सीडी लावायचं, तांब्याच्या हंड्यातला आवाज यायचा, आणि तू इतके चोख ओठ हलवायचास की मीसुद्धा क्षणभर फसायचो. अशा समारंभांची मी एकदा वर्तमानपत्रात, नाव न घेता, भरपूर थट्टा केली. तू ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंस. आल्या-गेल्याला दाखवायचास, "पाहा, मास्तरानं माह्यावर लिहिलं."

मग खापा.

खापा वहिनींचं माहेर. त्यांच्या जुन्या शाळेचं संमेलन होतं, म्हणून मीही आलो होतो. तू पूर्ण पोशाखात मंचावर आलास, मुलांनी शाळा डोक्यावर घेतली, सीडी लागली आणि अडकली. स्पीकरमधून "डरो म, डरो म, डरो म" एवढंच येत राहिलं आणि नंतर तेही बंद पडलं. पोरं ओरडायला लागली, "तुम्हीच म्हना न, तुम्हीच म्हना."

तू माझ्याकडे पाहिलंस. एवढ्या गर्दीत, मुखवट्याच्या दोन भोकांतून, सरळ माझ्याकडे. मी कार्यक्रमपत्रिका वाचायला लागलो.

मग तू म्हणालास. तुझ्या आवाजात, पातळ, जरा नाकातल्या, आपल्या इकडच्या हिंदीत. सगळी शाळा गप्प. आणि दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी शेजारच्या बाईंना म्हणाली, जे सगळ्यांना ऐकू गेलं, "बाई, हे तर माह्या मामासारखे बोलून राहिले."

मुख्याध्यापक उठायला लागले. तू त्यांना हातानं बसवलंस, आणि मुखवटा काढलास. मंचावर, लोकांसमोर, पहिल्यांदा. घामानं केस चपटे झालेले. त्या मुलीला म्हणालास, "हो वं बाई. तो आवाज माहा नव्हताच. माहा हाच हाय. मामासारखा."

"मंग तुम्हाले उडता येत नाही?"

"नाही. मले उतरता येते. दाखवू?"

आणि शाळेतलं लाकडी स्टूल मागवून तू पाऊण तास त्या पोरांना सगळं सांगितलंस. उस्ताद कसे उडायचे, वारा कुठल्या पंख्याचा असायचा, अंगरखा फडकण्यासाठी दोन माणसं दोरे कसे ओढायचे. पोरं मालिका बघताना हसली नसतील इतकी हसली. ती मुलगी स्टुलावरून तीनदा उतरली. मागच्या बाकावर वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

परतताना कन्हानच्या पुलावर आपलं भांडण झालं. तू आनंदात होतास आणि मी चिडलो होतो. म्हणालो, मुलांचं स्वप्न मोडलंस. कलेत काही झाकलेलं राहावं लागतं. असं आणखीही काही, जे मी वर्गात चांगलं बोलायचो. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "तू काहून चिडून राहिला बे? जन्मभर तूच म्हनत आला, हे सारं ढोंग हाय. आता मी ढोंग सोडलं तर तुलेच मुखवटा पायजे?"

मी म्हणालो, समोर बघून गाडी चालव.

ते भांडण तिथेच राहिलं. तू ते नंतर दोनतीनदा उकरलंस, मी दरवेळी समोर बघायला सांगितलं. आता उत्तर देतो, उशीर झालाय तरी. जर तुझा आवाज खाप्याच्या पोरांना चालला, तर तो कोराडीच्या मंडपातही चालला असता. राजाला चालला असता, मुंबईला चालला असता. त्या मुलीनं दोन मिनिटांत माझा निकाल फिरवला होता आणि मला तो सहन होत नव्हता. तुझ्या मुखवट्याची मी जन्मभर थट्टा केली, पण त्याच्याआड मीच लपलो होतो. एवढंच होतं ते. चुकलो, दिवाकर. हे म्हणायला मला दोन शब्द पुरले असते, आणि मी तुला व्याख्यान दिलं.

खाप्यानंतर तू पोशाख कपाटात ठेवलास. शाळांत जायचास ते साध्या सदऱ्यात, स्टूल घेऊन. आणि मला बोलून निरोप पाठवायला लागलास. टाइप का करत नाहीस म्हटलं, तर म्हणालास, "लिहिलं की तू दुरुस्त करतो. बोललेलं दुरुस्त करता येत नाही." मी हसलो होतो. ते हसण्यासारखं नव्हतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुला ऑक्सिजनचा मास्क लावला होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तुला ओळखलं, लहानपणी मालिका पाहिलेली. तू बोटानं मला खूण केलीस आणि मला ती कळली: जन्मभर वरचा चेहरा झाकलेला आणि हनुवटी उघडी, आणि आता हनुवटी झाकलेली तर ओळखलं. आपण दोघं हसलो. मग तू मास्क बाजूला सारून काहीतरी बोलायला लागलास. "मास्तर, तुले एक..." इतकं ऐकू आलं. मी घाईघाईनं मास्क परत बसवला आणि म्हणालो, "बोलू नकोस, दम लागेल."

म्हणजे पुन्हा मीच तुला गप्प केलं. काय सांगणार होतास, ते आता माझ्याजवळ कायमचं अर्धं राहिलं आहे. कदाचित काही मोठं नसेलही. कदाचित मोतीचं काही असेल.

शुक्रवारी सकाळी मी शेवटी फोन उघडला आणि पहिल्यापासून ऐकायला बसलो. दोन दिवस ऐकत होतो. मला भीती होती, त्यात कुठेतरी तू मला त्या क्लीनरबद्दल विचारलं असशील. विचारलं नव्हतंस. तू भाजीबद्दल बोललास, गुडघ्याबद्दल बोललास, माझ्या एका लेखातला शब्द तुला आवडला म्हणून तो चारदा म्हणून पाहिलास. बाल्कनीत आलेल्या पोपटाचं तू इतकं लांब वर्णन केलंस की पोपट मध्येच उडून गेला आणि तू म्हणालास, "गेला बे, तुले सांगता सांगता." मी त्याला उत्तर दिलं होतं: ठीक.

आणि एक सापडला, जो मी कधी उघडलाच नव्हता. त्यात तू आपल्या नाटकातलं राजाचं भाषण म्हटलं होतंस, पूर्ण, एकही शब्द न विसरता, 'मले'सकट. "मले मरनाची भीती नाही." काय म्हटलं होतंस ते. माझी भरजरी, उसनी वाक्यं तुझ्या तोंडात एकदम खरी झाली होती. तो राजा पहिल्यांदा कुठल्यातरी गावचा वाटत होता. मी ते तीनदा ऐकलं आणि ठरवलं, सभेत हेच.

शनिवारी वहिनींना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पन हे नाटक झालं भाऊजी. हे तुमचं लिहिलेलं हाय. त्यायचं काही नाही का? रोजचं?"

बघ, मीही शेवटी भाऊंचाच भाऊ निघालो. तुझ्या श्रद्धांजलीत मी माझंच वाक्य वाजवायला निघालो होतो. मग वहिनींनी फोन घेतला आणि स्वतः ऐकत बसल्या. बऱ्याच वेळानं एकावर थांबल्या. "हे."

"वहिनी, यात काहीच नाही."

"हेच."

रविवारी समाजभवन भरलं होतं. खाप्याची शाळा एक गाडी करून आली होती. मंचावर उस्तादांचा फ्लेक्स, त्याला हार. भाऊंनी तुला आकाशाएवढा माणूस म्हटलं, मग आकाश कमी पडलं म्हणून अंतराळ घेतलं. त्यानंतर स्पीकरवाल्यानं दोन वायरी हातात धरून विचारलं, "कोणतं लावू? सीडी का मोबाइल?" भाऊ म्हणाले, "सीडी." पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यायच्या बायकोचं ऐकाल का समितीचं?" भाऊंनी हात जोडले. फ्लेक्सवर जोडले होते तसेच, पण या वेळी खरे.

मी फोन माईकजवळ धरला.

आधी हॉर्नचा आवाज, रेल्वेची खडखड. मग तू. "हॅलो, मास्तर. फाटकावर अडकलो बे. मालगाडी हाय, संपूनच नाही राहिली. सारा कोळसा हाय. आपल्या कोराडीलेच जात असन. तू चहा ठेवजो. साखर घालजो बरोबर, दोन चमचे. सुनंदाले सांगू नको."

सगळं समाजभवन हसलं. वहिनी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या, कपाळावर हात मारून. स्पीकरमध्ये गाडी अजून जातच होती, डब्यामागून डबा, आणि तू काही न बोलता ती ऐकत होतास, तेवढा वेळ आम्हीही ऐकत होतो. मग तू म्हणालास, "हं, उघडलं फाटक. मी येऊन राहिलो."

व्याकरणात हा आपल्याकडचा चालू वर्तमानकाळ. बाकी महाराष्ट्रात याचा अर्थ होतो, आला आणि राहिला. मी हे इतकी वर्षं मुलांच्या वहीत लाल शाईनं खोडत आलो.

स्पीकरवाल्यानं पुढचं काही असेल म्हणून माईक बंद केला नव्हता. तो माझ्या तोंडाशीच होता. त्यामुळे मी जे म्हणालो ते मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणालो, "ये गा."